मोक्रे, लोकसंख्या सत्तावीस

वेझ्बीन ग्मिनेत, म्हणजे गटग्रामपंचायतीत, एकंदर अठरा गावं, आणि त्यातलं सगळ्यात लहान मोक्रे. मोक्रे म्हणजे ओलं. शेजारचं सुहे, म्हणजे कोरडं. पण मोक्रे बसलंय टेकडीवर, तिथल्या विहिरी ऑगस्टात तळ दाखवतात; आणि सुहे ओढ्याकाठच्या खोलगटात, तिथल्या तळघरांत बेडूक बारा महिने सुखानं नांदतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे दोन्ही गावांना एकदमच लागू. ही नावं कुणी ठेवली ते कुणालाच ठाऊक नाही, पण तो माणूस उन्हाळ्यात इकडे फिरकला नसावा एवढं नक्की.

मोक्रेच्या तीन बाजूंना जंगल आणि चौथ्या बाजूला श्लेपूहा नावाचा ओढा. ओढ्यावर सिमेंटचा पूल, आणि दोन गावांची हद्द त्या पुलाच्या बरोबर मधून जाते. सुहेच्या बाजूचा कठडा शाबूत आहे. मोक्रेच्या बाजूचा गावातल्या विटोल्डनं सहा वर्षांपूर्वी ट्रॅक्टर मागे घेताना ओढ्यात पाडला. त्यामुळे मोक्रेची माणसं टेकून गप्पा मारायला उभी राहतात ती नेहमी सुहेच्या हद्दीत. नकाशा काढणाऱ्यांना हे कधी कळलं नाही.

या गावची सोल्तिस, म्हणजे गावप्रमुख, ओतिलिया. वय त्रेसष्ट, विधवा, घर नंबर सात. सोल्तिसच्या घरावर लाल पाटी असते, ती तिच्या दारावर गेली चौदा वर्षं आहे. गावात किती माणसं आहेत हे तिला कचेरीतल्या संगणकापेक्षा आधी कळायचं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती पेन्सिलनं आकडा लिहायची. मूल जन्मलं की खोडून एक वाढवायचा, कुणी गेलं की एक कमी करायचा. गेल्या चौदा वर्षांत खोडरबर जास्त झिजलं ते कमी करण्यातच. सध्याचा आकडा सत्तावीस. त्यातले मतदार बावीस, आणि बावीसांतले चौघं नॉर्वेत मासे सोलायला.

मार्चमध्ये ग्मिनेच्या कचेरीतून पत्र आलं. मोक्रे हे गाव सुहे गावात विलीन करण्याचा विचार आहे, गावकऱ्यांची सभा घेऊन मत कळवावं.

ओतिलियानं पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग ती ओढ्यावर गेली आणि पलीकडे मधाच्या पेट्यांशी खुडबुड करणाऱ्या झेनॉनला तिनं हाक मारली. झेनॉन सुहेचा सोल्तिस. सहासष्ट वर्षांचा, विधुर, उंच, आणि चेहऱ्यावर कायम नुकतीच मधमाशी चावल्यासारखा भाव.

"तुमचं काम हे?" तिनं पत्र फडफडवलं.

"माझं कशाला असेल?" तो म्हणाला. "मला माझी तीनशे चाळीस डोकी सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. त्यात तुझा विटोल्ड मला फुकट दिला तरी नको."

"मग सही करणार नाही म्हणून सांगा की त्यांना!"

"माझी सही मागितलीच नाही कुणी. तुमची सभा आहे, तुम्हीच बोला." तो थांबला. "ओतिलिया, या निमित्तानं मी परत एकदा विचारू का?"

"नका विचारू."

झेनॉननं आतापर्यंत चार वेळा विचारलं होतं. चारही वेळा उत्तर एकच. मी सुहेत आले तर मोक्रेत एक माणूस कमी होईल. आणि सोल्तिस दुसऱ्या गावात राहायला गेली तर ती सोल्तिस कसली? मग तुम्हीच या इकडे. यावर झेनॉन म्हणायचा, मी तरी तीनशे चाळीस माणसांना वाऱ्यावर सोडून कसा येऊ? अशी सहा वर्षं दोघं ओढ्याच्या दोन काठांवर उभी राहून हवेपाण्याबद्दल बोलत होती. मध्ये पाच पावलांचं पाणी. सगळी ग्मिना त्यांना हसत होती, आणि त्या दोघांना वाटत होतं की कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

पत्राच्या पाठीमागे नियम छापलेले होते, आणि खरी मेख तिथं होती. सभा पहिल्या वेळेला भरली, निम्मे मतदार हजर राहिले आणि त्यांनी 'नको' म्हटलं, तर ग्मिनेच्या परिषदेला ते मानावंच लागेल. पहिल्या वेळेला निम्मे जमले नाहीत, तर पंधरा मिनिटांनी दुसऱ्या वेळेला सभा भरेल, कितीही माणसं असली तरी चालेल. पण त्या सभेचं म्हणणं म्हणजे नुसतं म्हणणं. ऐकलं तर ऐकलं.

बावीसांचे निम्मे अकरा. गावात अठरा मतदार हजर. दुसऱ्या कुठल्या देशात हे गणित लेकरानं सोडवलं असतं.

पण मोक्रेत पहिल्या वेळेला कुणी येत नाही. आजोबांच्या काळापासून येत नाही. सभा पाच वाजता असली की लोक पावणेपाचपासूनच पुलावर जमतात, कठड्याला टेकतात, सिगारेटी ओढतात, आणि पाच वाजून पंधरा मिनिटांनी एकदम आत शिरतात. कारण एकच: पहिल्या वेळेला जो आत सापडतो त्याची कुठल्या ना कुठल्या समितीवर नेमणूक होते. विटोल्डचा बाप एकदा घड्याळ पुढे असल्यामुळे वेळेवर पोचला, आणि पुढची एकवीस वर्षं आगीच्या पंपाची काळजी घेत बसला. ओतिलिया स्वतः चौदा वर्षांपूर्वी पाऊस लागला म्हणून पाच वाजता आत आली होती. तिचं काय झालं ते दारावरच्या लाल पाटीवर दिसतंच आहे.

ओतिलिया दोन आठवडे घरोघर फिरली. प्रत्येकाला समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "येणार की! गावाचा प्रश्न आहे! गाव गेलं तर आपण कोण?" विटोल्ड तर म्हणाला, "सोल्तिसबाई, मी चारलाच येऊन बसतो." बेकरीत काम करणारी झिता डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काकू, माझ्या घराचा नंबर तीनचा एकशे सोळा होणार? रुग्णवाहिका यायची ती सुहेत जाऊन विचारत बसायची." सगळ्यांचं मन अगदी जागेवर होतं. पाय मात्र आपल्या मर्जीचे.

सभेचा दिवस उजाडला. एप्रिलचा, लख्ख, वारा असा की दोरीवरचे कपडे जंगलाकडे निघालेले. ओतिलियानं सकाळीच मोठा चीज केक भाजला, खसखशीची गुंडाळी केली, काकडीच्या लोणच्याची बरणी घेतली आणि सगळं बंबखान्यात मांडलं. बंबखाना म्हणजे गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाची खोली. तिथं तो ऐतिहासिक पंपही कोपऱ्यात ठेवलेला आहे. साडेचारला कचेरीतून किंगा आली. तिशीची, गालांवर वाऱ्यानं लाली, हातात हजेरीचे कागद आणि खांद्याला एक जाड पिशवी. जन्म-मृत्यू, पत्ते, रहिवास हे सगळं तिच्याकडे, आणि दूरच्या गावी जायचं झालं की ती फॉर्म आणि शिक्का सोबतच घेऊन फिरायची. म्हाताऱ्यांना कचेरीपर्यंत कुठं पळवायचं?

पाच वाजले. खोलीत किंगा, ओतिलिया, आणि एक्याण्णव वर्षांची आपोलोनिया आजी. आजी कायम वेळेवर येते, कारण आता या वयात तिला कुठल्या समितीवर घालण्याची कुणाची छाती नाही.

"दोन," किंगानं मोजलं.

खिडकीतून पूल स्वच्छ दिसत होता. सोळा माणसं कठड्याला टेकलेली. सिगारेटचा धूर वाऱ्याबरोबर सरळ आडवा चाललेला.

"सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही!" ओतिलिया करवादली, आणि एप्रनसकट बाहेर धावली.

"अरे, चला ना! पाच वाजले!"

"येतोच, सोल्तिसबाई!" विटोल्ड हात हलवून म्हणाला. जागचा मात्र हलला नाही.

"तू चारला येणार होतास ना?"

"आलो की. चारपासून इथंच उभा आहे."

"इथं म्हणजे सुहेत!"

सगळ्यांनी पायाखाली पाहिलं, जणू तिथं काही लिहिलेलं असेल. झिता ओठ चावत म्हणाली, "काकू, तुम्ही आधी दुसऱ्या कुणाला तरी आत घेऊन जा. मी एकटीच पहिली कशी जाऊ? बायकांच्या मंडळाची अध्यक्षीण अजून ठरायचीय."

"मी पहिला गेलो तर कठडा दुरुस्तीची समिती माझ्याच गळ्यात पडेल," विटोल्ड म्हणाला.

"पडायलाच हवी, तूच पाडलायस!"

"म्हणूनच तर जात नाही."

ओतिलियाला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. शेवटी दोन्ही एकदम आलं, आणि तिला उचकी लागली. ती धावत परत आली, सभेचं टेबल उचललं, किंगाला दुसरी बाजू धरायला लावली, आणि दोघींनी टेबल केकसकट पुलाकडे न्यायला सुरुवात केली. लोक सभेत येत नसतील तर सभा लोकांकडे जाईल!

टेबल येताना पाहून पुलावरची मंडळी शिस्तीत मागे सरकली. टेबल दहा पावलं पुढे, माणसं दहा पावलं मागे. कुणी मुद्दाम केलं नाही, अंगवळणी पडलेलंच तसं. पुलाच्या मध्यावर किंगा थांबली. "ओतिलियाबाई, यापुढे मला येता येत नाही. यापुढे सुहे आहे. मोक्रेची सभा सुहेत घेतली तर ती रद्द." तिचे खांदे हलत होते. ती हसत होती, मेली.

पाच वाजून सात मिनिटं. ओतिलियानं टेबल खाली ठेवलं, त्यावर चढली, आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "ऐका रे! आत्ता जे आत येणार नाहीत, त्या प्रत्येकाचं नाव मी दुसऱ्या वेळेला समितीसाठी सुचवणार! कठड्याची समिती! पंपाची समिती! बर्फ काढायची समिती! स्मशानाच्या कुंपणाची समिती! एकेकाला दोन-दोन!"

 मग एकदम पळापळ. पाचावर धारण बसलेली माणसं कशी पळतात ते त्या दिवशी श्लेपूहानं पाहिलं. निम्मी बंबखान्याच्या दिशेनं सुटली, झिता सगळ्यांत पुढे, चपला हातात घेऊन. उरलेली निम्मी गोंधळून उलट्या दिशेनं, सुहेच्या रस्त्यावर, बसथांब्याच्या मागे जाऊन लपली. त्यांत विटोल्डही होता.

किंगानं टेबल परत आणायला मदत केली आणि दारात उभी राहून मोजलं. आजी, ओतिलिया, आणि आठ. दहा.

"एक कमी," ती म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "बाई, माझ्या हातात असतं तर मी पंपाचीसुद्धा हजेरी लावली असती."

पाच वाजून अकरा. ओतिलिया बाकावर बसली. आत्तापर्यंतची सगळी धमाल तिच्या अंगातून उतरली. आपलं गाव एका माणसानं जाणार, आणि तो माणूस बसथांब्यामागे सिगारेट ओढतोय. तिचा नवरा या बंबखान्याच्या भिंती रंगवताना शिडीवरून पडला होता, तिची मुलगी या पुलावर सायकल शिकली होती. तिला रडायचं नव्हतं, पण डोळे विचारून थोडेच भरतात.

तेवढ्यात दार उघडलं. झेनॉन उभा होता. अंगात लग्नाकार्याचा काळा कोट, केस पाण्यानं चापून बसवलेले. त्याच्यामागून वारा आणि मधाचा वास दोन्ही आत शिरले.

"तुमची सभा नाही ही," ओतिलिया नाक पुसत म्हणाली. "तमाशा बघायला आलात का?"

 झेनॉननं कोटाच्या आतून एक जड चौकोनी वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. लाल पाटी. सुहेच्या सोल्तिसची. चारही कोपऱ्यांत स्क्रू काढल्याचे ताजे ओरखडे.

"सकाळीच काढली," तो म्हणाला. "राजीनामा कचेरीत दिलाय. किंगाला विचार."

"दिलाय," किंगा म्हणाली. "नऊ वाजता. मला कुणाला सांगू नको म्हणाले होते."

मग त्यानं दुसऱ्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. रहिवास बदलल्याचा फॉर्म. नाव, जन्मतारीख, जुना पत्ता, सगळं त्याच्या सुबक अक्षरात भरलेलं. नवा पत्ता: मोक्रे, घर नंबर सात. खाली घरमालकाच्या सहीची ओळ कोरी.

झितानं मान लांब करून तो वाचला.

"तू सही केलीस," झेनॉन म्हणाला, "तर आजपासून मी इथला. किंगा म्हणते, मतदारही आजपासूनच. निम्मे मात्र पत्रातल्या बावीसांचेच धरायचे. म्हणजे मी अकरावा. नाही केलीस तर मी ना तिथला सोल्तिस, ना इथला कुणी. मधमाश्या तेवढ्या राहतील माझ्या."

"तुम्ही वेडे आहात का?"

"सहा वर्षांपासून. आता कुठं कागदावर आलंय."

आपोलोनिया आजी कानाशी हात नेऊन मोठ्यानं म्हणाली, "काय म्हणतोय तो? भाडेकरू यायचाय का?"

"हो आजी," झिता म्हणाली. "कायमचा."

पाच वाजून तेरा. ओतिलियानं कागद ओढला. तिला वाटलं होतं, असा क्षण आला की आपण निदान केस तरी सारखे करू. पण हाताला केकची साखर चिकटलेली, एप्रनवर चीजचा डाग, आणि लोणच्याच्या बरणीला टेकवल्यामुळे कागदाचा कोपरा ओला झालेला. तिनं सही केली. किंगानं शिक्का मारला तो इतक्या जोरात की केकवरची साखर उडाली.

आणि तेव्हाच बाहेर गलका झाला.

बसथांब्यामागच्या मंडळींनी सगळं पाहिलं होतं. झेनॉन, सुहेचा सोल्तिस, काळ्या कोटात, मोक्रेच्या सभेला, आणि तेही पहिल्या वेळेला! असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. कुणी म्हणालं, आत कुणीतरी वारलं असणार. कुणी म्हणालं, फुकट दारू असणार. विटोल्ड म्हणाला, दोन्ही असणार. एवढं कळल्यावर कोण थांबतं? समितीची भीती एका बाजूला, आणि आत काय चाललंय ते न कळण्याचा त्रास दुसऱ्या बाजूला. कुठलं पारडं जड झालं ते पुलावरच्या धावण्याच्या आवाजावरून कळलं. आठही जण धापा टाकत दारातून आत कोसळले. विटोल्ड तर पंपावरच आदळला, आणि पंपानं त्याला ओळखल्यासारखं एक घरघर केली.

"पाच वाजून चौदा मिनिटं," किंगा घड्याळाकडे बघत ओरडली. "हजर एकोणीस! सभा पहिल्या वेळेला भरली! मोक्रे सुहेत विलीन करावं का? बाजूनं कोण?"

कुणी नाही.

"विरोधात?"

एकोणीस हात वर. झेनॉनचा सगळ्यांत उंच. आपोलोनिया आजीनं दोन्ही हात वर केले, आणि एक खाली घ्यायला सांगितल्यावर ती रागावली.

जो काही आरडाओरडा झाला तो वर्णन करण्यात अर्थ नाही. लोणच्याची बरणी हातोहात फिरली, झितानं किंगाचा मुका घेतला, विटोल्डनं कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच जाहीर केलं की कठडा तो दुरुस्त करेल, आणि लगेच त्याचा चेहरा असा झाला जणू हे वाक्य दुसऱ्याच कुणाच्या तोंडून निघालं.

त्या गोंधळात किंगा कागदांवर वाकून काहीतरी मोजत होती. तिनं मान वर केली. आवाज अगदी हळू काढला, पण सगळे एकदम गप्प झाले, कारण गावात हळू बोललेलंच नीट ऐकू येतं.

"ओतिलियाबाई, एक सांगू? ते आठ आले, म्हणजे तुम्ही झेनॉन काकांशिवायही अठरा होता. त्यांचं मत लागलंच नाही." ती जरा लाजली. "फॉर्म अजून संगणकात गेलेला नाही. तुम्ही घाईत सही केलीत, गावासाठी. तुम्हाला नको असेल तर मी इथल्या इथं फाडते. काकांचा राजीनामाही उद्यापर्यंत परत घेता येईल. तुम्हा दोघांचंही काही बिघडणार नाही."

झेनॉननं लाल पाटीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तिचं म्हणणं बरोबर आहे," तो पुटपुटला. "अडचणीत पकडून सही घेतली. तसं नको. फाड, किंगा."

किंगानं फॉर्म दोन बोटांत धरला.

ओतिलियाला वाटलं, आता गाव मध्ये नाही, नियम नाही, घड्याळ नाही, ओढा नाही. लपायला काहीसुद्धा उरलं नाही. आणि अठरा जोडी डोळे तिच्यावर खिळलेले. 

"दे इकडे," ती म्हणाली.

तिनं कागद किंगाच्या हातातून घेतला, टेबलावर सरळ केला, चिकट हात एप्रनला पुसले, आणि आपल्या पहिल्या सहीच्या खाली, हळूहळू, एकेक अक्षर कोरल्यासारखं, आपलं पूर्ण नाव परत लिहिलं.

"अहो बाई, सहीला एकच ओळ असते," किंगा म्हणाली. "दोन सह्या चालत नाहीत."

"चालतील," ओतिलिया म्हणाली. "वरची गावाची. ही माझी."